ओपन स्पेसचे आप्पा

तळोद्याच्या नव्या कॉलनीत राहायला येणाऱ्याला दूधवाल्याआधी आप्पा भेटतात. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत ले-आउटचा नकाशा आणि नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला एक चौकोन. "तुमचा प्लॉट कितवा?" असं विचारून उत्तर यायच्या आत त्या चौकोनावर बोट ठेवतात. "हा आपला बगीचा!" आपण खिडकीतून बघतो. बाहेर वेडी बाभूळ, कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या विटा, लग्नाच्या मांडवाचे खड्डे आणि रवंथ करणारी म्हैस. आप्पांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना कारंजं दिसतं.

आप्पा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावात असतो. शहाद्यात असेल, शिरपुरात असेल, नाव तेवढं वेगळं. मोठा ले-आउट मंजूर होताना दहा टक्के जमीन मोकळी सोडावी लागते, हे प्लॉट घेणारे सहीबरोबरच विसरतात. आप्पा ते विसरत नाहीत. बगीच्याच्या अर्जासाठी पूर्वी धुळ्याला खेटे घालावे लागत. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा लोकांना विकासाचा आनंद झाला आणि आप्पांना एस.टी.च्या वाचलेल्या भाड्याचा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न त्यांना कधी विचारू नये. मी विचारला होता.

"अमृत योजना आठवते? 2015 ची?" आप्पा ओट्यावर मांडी घालून बसले. "प्रकल्पाच्या पैशातले अडीच टक्के बागांना. अडीच! पण शहरं निवडली बहुतेक लाखाच्या वरची. नंदुरबार 2011 च्या जनगणनेत लाखाच्या पुढे, आणि आपण त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. आता बोला."

मी काय बोलणार? लोकसंख्या वाढवण्याचा अर्ज आप्पांनी दिला नाही, हेच नशीब.

"मग 2021 मध्ये अमृतचा दुसरा टप्पा आला, त्यात सगळी शहरं घेतली. पण भर पाण्यावर. पंधराव्या वित्त आयोगाचा निम्म्याहून जास्त पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. उरलं जिल्हा नियोजनचं नगरोत्थान, त्यात नगरपरिषदेचा वाटा आला. वैशिष्ट्यपूर्ण योजना आहे, पण आपली जागा वैशिष्ट्यपूर्ण आहे हे दाखवायचं कसं?"

"म्हैस आहे की," मी म्हणालो. आप्पांनी ते लिहून घेतलं नाही, पण क्षणभर विचार केला.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द ते, दुसऱ्या कुणी नातवंडांची नावं घ्यावीत तशा मायेने घेतात. मार्च आला की त्यांना झोप नाही. कुठल्यातरी खात्याचा अखर्चित निधी 31 तारखेला परत जाणार, आणि तो जाता जाता आपल्या चौकोनावर थांबावा म्हणून आप्पा आवक शाखेच्या दारात उभे. तिथल्या पोरांनी त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे. कर्मचारी बदलून गेले, तरी नव्या माणसाला फाइल कुठल्या कपाटात आहे ते आप्पाच सांगतात.

नातवाने मोबाइलवर न्यूयॉर्कचं पेली पार्क दाखवलं, तेव्हापासून तर विचारू नका. दोन इमारतींच्या मध्ये 4,200 चौरस फुटांची जागा, 1967 मध्ये एका श्रीमंताने वडिलांच्या नावाने केलेली बाग आणि मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा. "आपली ओपन स्पेस त्याहून मोठी आहे!" आप्पा गल्लोगल्ली सांगत सुटले. सुधारित प्रस्तावात धबधबा घुसला. अभियंत्याने शांतपणे विचारलं, "पंपाचं वीजबिल कोण भरणार, आप्पा?" धबधबा गेला. प्रश्न मात्र राहिला. तो त्या फाइलमधला सगळ्यात शहाणा प्रश्न होता, पण आप्पांनी त्याला शेरा मानून खाली सही केली.

गावातल्या म्हाताऱ्यांना हे वेड कळत नाही. चौकातला एक जण उत्तरेकडे हात करून म्हणतो, "आप्पा, तठे आख्खा सातपुडा शे, अठे बगीचा कसाले?" आप्पा चिडतात. संध्याकाळी नातवाला घेऊन सातपुड्यात जायचं का? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की पोरं खेळणार कुठे, उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर? इथे मात्र मी आप्पांच्या बाजूचा. जंगल जवळ असलं म्हणून गल्लीत सावली पडत नाही.

काकूंचं मत निराळं आहे. "अख्ख्या गावाला बाग देतील. दारातली जास्वंद वाळली, तिला तांब्याभर पाणी नाही घातलं कधी." आप्पांचं उत्तर तयार असतं: जास्वंद खाजगी मालमत्तेत येते.

अखेर कुठल्याशा लेखाशीर्षातून पैसे आले. तारेचं कुंपण झालं, पेव्हर ब्लॉक बसले, घसरगुंडी आली, व्यायामाची लोखंडी यंत्रं आली आणि सगळ्यांची नावं मावतील एवढा फलक लागला. आप्पांचं नाव त्यावर नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, मला वाटलं. अंदाजपत्रकात अशोकाची झाडं होती. आप्पांनी हट्टाने मेवासी वनविभागाच्या रोपवाटिकेतून कडुनिंब, करंज आणि मोह आणून मध्ये घुसवले.

एप्रिलमध्ये रोपांनी माना टाकल्या. माळ्याच्या पगारासाठी आप्पांनी नवा अर्ज केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लेखाशीर्ष सापडेना. बाग बांधायला योजना असतात. ती जगवायचा खर्च नगरपरिषदेने घरपट्टीतून काढायचा, आणि घरपट्टी आपणच थकवलेली असते. कुणाची किती थकली आहे, तेही आप्पांना पाठ आहे, म्हणून हल्ली काही लोक त्यांना बघून रस्ता बदलतात.

तेव्हा कॉलनीत राहत असाल तर घरपट्टी भरा, आणि ते जमत नसेल तर संध्याकाळी सहाला एक बादली पाणी घेऊन या. आप्पा फाटकाशी हजेरी मांडून बसलेले असतात, दोन प्रतींत.