स्काऊटचे पप्पा

सोलापुरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी स्काऊटचा तास चालू असेल, तर फाटकाशी हमखास एक गृहस्थ उभे दिसतात. डोक्याला रुमाल, खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाईल. मार्च उजाडला की सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच टाळूवर बसतं, पण गृहस्थ जागचे हलत नाहीत. त्यांचा मुलगा स्काऊटमध्ये आहे. निदान हजेरीपटावर तरी मुलाचंच नाव आहे.

यांना आपण स्काऊटचे पप्पा म्हणू. "आमचं द्वितीय सोपान झालं, आता तृतीयची तयारी चालूय," असं ते भेटेल त्याला सांगतात. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही शिडी आहे. पप्पा शेवटच्या पायरीवर केव्हाच जाऊन बसलेत. दिवाणखान्यात देवघराशेजारची भिंत त्यांनी राष्ट्रपतींच्या सहीच्या प्रमाणपत्रासाठी मोकळी ठेवली आहे. खिळासुद्धा ठोकून झालाय. चिरंजीव अजून दुसऱ्या पायरीवर बुटाची नाडी बांधताहेत, तीही सुटते.

पप्पांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कुठल्या मागावर कुठल्या पाळीत किती माल उतरला याचा हिशोब तिथं रोज पाटीवर लिहिला जातो, तसाच चिरंजीवांचा हिशोब फाईलमध्ये. उभ्या रकान्यात बॅजची नावं: कुक, सायकलिस्ट, गार्डनर, पाथफाइंडर, ॲम्ब्युलन्स मॅन. आडव्या रकान्यात तारखा. झालेलं हिरव्या शाईत, राहिलेलं लाल शाईत. या तक्त्यात चिरंजीवांची सही कुठंच नाही, कारण फाईल हाताळायची त्यांना परवानगी नाही. "हरवतो हो तो," पप्पा म्हणतात.

बॅज कसे मिळतात तेही बघण्यासारखं आहे. सायकलिस्टसाठी पंक्चर काढता आलं पाहिजे. पप्पा मुलाला चौकातल्या पंक्चरवाल्याकडे घेऊन गेले, त्याच्या हातातला पाना क्षणभर मुलाच्या हातात दिला आणि फोटो काढला. गार्डनरसाठी कुंडीत मेथी पेरली ती आजीनं, पाणी घातलं आईनं, मोड आल्याची तारीख नोंदवली पप्पांनी, आणि भाजी खाल्ली चिरंजीवांनी. 'खरी कमाई' म्हणजे मुलानं स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे. पप्पांनी स्कूटर धुण्याचे पन्नास रुपये ठरवले. मुलाला क्लास होता म्हणून स्कूटर पप्पांनीच धुतली, आणि पन्नास रुपये मुलाच्या नावानं पाकिटात घालून शाळेत पोचते केले.

लॉगबुक तर काय, छापखान्यातून आल्यासारखं. पहिल्या पानावर बेडन पॉवेलचं चित्र, खाली वळणदार अक्षरात माहिती: 1907, ब्राउन्सी बेट, वीस मुलांचं शिबिर, 1908, 'स्काऊटिंग फॉर बॉईज', 7 नोव्हेंबर 1950, भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना. पप्पांना हे सगळं झोपेत विचारलं तरी येतं. चिरंजीवांना विचारा, 1907 साली काय झालं? ते थोडा वेळ आभाळाकडे बघतात आणि सांगतात, "सर, पान नंबर एक."

शाळेतले स्काऊटचे सर मात्र निवृत्तीला आलेले, पक्के सोलापुरी. नोंदवही उघडायच्या आधी ते दोरी पुढं करतात. परवा त्यांनी चिरंजीवांना काठीला क्लोव्ह हिच मारायला सांगितली. दोन वेढे, दुसरा पहिल्यावरून घ्यायचा आणि टोक खालून ओढायचं, एवढंच काम. चिरंजीवांनी दोरी हातात घेतली आणि मान फाटकाकडे वळवली. फाटकापाशी पप्पा हवेतल्या हवेत दहा बोटांनी गाठ मारत होते. चिरंजीवांनी बघून बघून वेढे घेतले, पण समोरून बघितल्यामुळं सगळे उलटे आले. सरांनी काठी उचलली. दोरी घरंगळून पायाशी पडली.

"सर, आमची क्लोव्ह हिच घरी पक्की झालीय!" फाटकातून आवाज आला.

"तुमची झालीय हो," सर म्हणाले, "पोराची कधी व्हायची? घरी जावा की आता."

पप्पांनी ते मनाला लावून घेतलं नाही. सरांचं नाव फक्त लाल शाईच्या रकान्यात गेलं.

पुढं आषाढी आली. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातलंच. वारीच्या गर्दीत पाणी वाटायला, वाट दाखवायला, चुकामूक झालेल्यांना पोचवायला स्काऊट जातात. सरांनी एक अट घातली: मोबाईल घरी, पालक घरी. पप्पांना दोन रात्री झोप नाही. पोरगं पाणी प्यालं असेल का, याची काळजी. आणि पोरगं तिथं दिवसभर लोकांनाच पाणी पाजत होतं.

त्या गर्दीत एक आजी दिंडीपासून चुकल्या. तोंडपाठ फक्त गावाचं नाव आणि "झेंड्याला लाल काठ". चिरंजीवांनी त्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि वाळवंटापासून एकेक झेंडा बघत निघाले. वाटेत दोनदा चुकले, एकदा भलत्याच दिंडीत जेवून आले, पण तिन्हीसांजेला आजी आपल्या माणसांत पोचल्या. घरी आल्यावर चिरंजीवांनी कुणालाही न विचारता लॉगबुक ओढलं आणि लिहिलं: "आजीला दींडीत सोडलं. आजींनी मला शेंगदान्याचा लाडू दिला. अर्धा मी खाल्ला अर्धा संघनायकाने."

पप्पांनी ते वाचलं आणि हादरले. "फोटो कुठाय? तारीख कुठाय? आजींची सही घेतली नाहीस? आणि दिंडीची पहिली वेलांटी बघ!" त्यांनी पांढरी शाई काढली. चिरंजीवांनी वही छातीशी धरली आणि पहिल्यांदाच म्हणाले, "राहू द्या पप्पा, माझी वही आहे."

सरांनी बाकीची छापील पानं भराभर उलटली आणि फक्त त्या तीन ओळींखाली सही केली.

स्काऊटच्या पप्पांत वाईट काहीच नसतं. माया उतू जाते आणि हिशोबाची सवय सुटत नाही, एवढंच. पण बॅज शर्टाला शिवला जातो आणि शर्ट एकाच्याच अंगात बसतो. मुलाची वही हरवली तर त्यालाच शोधू द्या, तारीख चुकली तर त्यालाच सरांपुढं उभं राहू द्या, आणि गाठ सुटली तर त्यानंच परत मारावी. एवढं करूनही पप्पांची हौस फिटत नसेल, तर या चळवळीत मोठ्यांचीही सोय आहे. बेसिक कोर्स आहे, ॲडव्हान्स्ड कोर्स आहे, त्यापुढं हिमालय वुड बॅज आहे. जरूर नाव घालावं. तिथं मात्र आपली वही आपल्यालाच लिहावी लागते, आणि फाटकाशी कुणी उभं नसतं.