खामकाठची आलिशान सफारी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पूर्वी युरोप करून आलेल्या माणसाला मान होता. मग युरोपला कोणीही जाऊ लागलं, दुबईला तर भिशीचे अख्खे ग्रुप जाऊ लागले आणि गरखेडा ते उल्कानगरी पट्ट्यातल्या प्रतिष्ठितांची पंचाईत झाली. त्यावर आता तोडगा निघालाय. आफ्रिकेत जायचं, नदीकाठच्या आलिशान लॉजमध्ये उतरायचं आणि परत आल्यावर सहा महिने दुसऱ्या कशावरही बोलायचं नाही.

आमच्या सोसायटीतले एक डॉक्टर सध्या या सहा महिन्यांच्या मधोमध आहेत. केनियात मारा नदीच्या काठी राहून आले. मसाई माराचं नुसतं प्रवेशशुल्कच जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर पडतं. लॉजचं भाडं वेगळं, विमान वेगळं, पिवळ्या तापाची लस वेगळी. एकूण आकडा डॉक्टर सांगत नाहीत. ‘अनुभवाला किंमत नसते’ म्हणतात. मग वहिनी आतून चहा आणता आणता किंमत सांगतात.

‘तुम्हाला सांगतो, तंबूत राहायचं!’ डॉक्टर म्हणाले. ‘आणि अंघोळीला काय, माहितीये? बादली! आदल्या दिवशी वेळ सांगून ठेवायची. मग एक माणूस तंबूमागे येऊन वर टांगलेल्या पिशवीत गरम पाणी ओततो. तेवढ्यातच उरकायचं. साबण डोळ्यांत असताना पाणी संपलं तर संपलं. पण काय सांगू, इतकं निर्मळ वाटतं ना!’

सोसायटीचा टँकर अर्धा रिकामा आला तर रात्री अकरा वाजता ग्रुपवर अध्यक्षांचा राजीनामा मागणारे गृहस्थ ते हेच.

वीज दिवसातून ठरलेले काही तासच असते, तेवढ्यात फोन चार्ज करून घ्यायचा. वायफाय फक्त जेवणाच्या तंबूत, तेही लहर लागेल तेव्हा. पहाटे पाचला कोणीतरी येऊन उठवतं. डास असतात म्हणून मच्छरदाणी असते. माकडं असतात म्हणून खिडकीत केळं ठेवायचं नाही. डॉक्टर हे सगळं डोळे मिटून, गाभाऱ्यात उभं असल्यासारखं सांगत होते आणि मला वाटत होतं की हे सगळं मी कुठंतरी भोगलेलं आहे. मग लक्षात आलं, यालाच आम्ही घरी ‘गैरसोय’ म्हणतो आणि त्यासाठी मालमत्ता कर भरतो.

रात्रीचा प्रकार तर विशेष. लॉजला कुंपण नसतं. पाणघोडा दिवसभर नदीत पडून असतो आणि अंधार पडला की चरायला काठावर येतो, थेट तंबूंच्या मधून. त्यामुळे जेवण झाल्यावर एकट्यानं तंबूकडे जायला बंदी. भाला घेतलेला मसाई गडी सोबत येतो, कंदील दाखवतो, कानोसा घेतो, मग पुढे नेतो. ‘जिवाची भीती वाटायला हवी हो माणसाला,’ डॉक्टर म्हणाले, ‘त्याशिवाय निसर्ग कळत नाही.’

जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, मग प्रोझोन मॉलच्या आवारात दिसला, तेव्हा हीच जिवाची भीती दारात फुकट आली होती. डॉक्टरांनी आठ दिवस मॉर्निंग वॉक बंद ठेवला आणि वन विभाग करतो काय, असं विचारत राहिले. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ मध्ये, काळा गणपती मंदिराच्या परिसरात बिबट्या पकडला गेला. तिथं तर बघ्यांची एवढी गर्दी झाली की माणसं बघायला बिबट्या आलाय की बिबट्या बघायला माणसं, हे ठरवणं अवघड होतं. त्या वेळी कोणी माणशी २०० डॉलर लावले असते तर महापालिकेची थकबाकी फिटली असती. पण आपल्याला धंदा कळत नाही.

मारा नदीचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते दृश्य. हजारो जनावरं काठावर येऊन उभी राहतात. पुढची मागे बघतात, मागची पुढच्यांना ढकलतात. खाली मगरी तयार. पहिली उडी कोण मारणार आणि कधी, हे कोणालाच ठाऊक नसतं. पर्यटक जीपमध्ये चार-चार तास दुर्बिणी लावून बसतात. कधी कधी कळप आला तसा परत फिरतो.

आमच्या नळाला पाणी यायच्या दिवशी असंच असतं. फरक एवढाच की आम्ही जीपमध्ये नसतो, कळपात असतो. पाणी कधी पाच दिवसांनी, कधी आठ. वेळ लाइनमनला माहीत आणि लाइनमन फोन उचलत नाही. निळे ड्रम तोंड उघडून रांगेत उभे असतात. पहाटे अडीचला कोणाच्या तरी घरातून ‘आलं!’ अशी आरोळी येते आणि अख्खी गल्ली धावते. कधी ती अफवा असते.

हे कौतुक आणखी खुलतं ते भूगोलामुळे. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी एक, म्हणजे नाथसागर, आमच्यापासून ५० किलोमीटरवर हिंदकळतोय. तिथं पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित येतात, त्यांना पाण्यासाठी ड्रम लागत नाहीत. आम्हालाही लागू नयेत म्हणून नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. योजना १६८० कोटींची होती, ती वाढत वाढत २७४० कोटींवर गेली. उच्च न्यायालयानंही लक्ष घातलं. पाणी यायच्या आधी तारखा आल्या. त्या मात्र नियमित येत होत्या.

आणि आता या सगळ्यातली खरी गंमत. नदीकाठी राहण्यासाठी आम्ही ज्या आफ्रिकेत जातो, त्या आफ्रिकेनंच आम्हाला पाणी कसं आणायचं ते शिकवलं होतं. इथिओपियात जन्मलेलं एक पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, बगदादमार्गे हात बदलत दख्खनला पोचलं आणि निजामशाहीचं कर्तेपण त्याच्याकडे आलं. तो मलिक अंबर. त्यानं १६१० साली खडकी वसवली. नंतर फत्तेनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं ते हेच गाव. भडकल गेट त्याचंच, १६१२ चं. आणि नहर-ए-अंबरीही त्याचीच: डोंगरातलं पाझराचं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर, शहरात आणून सोडलं. पंप नाही, वीज नाही, टेंडर नाही, मुदतवाढ नाही. १६२६ साली तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. तिथं संभाजीनगरकर सहसा जात नाहीत, कारण ती भद्रा मारुतीच्या दर्शनाच्या पॅकेजमध्ये बसत नाही.

पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची, पण तंत्र तेच. पाणचक्की खाम नदीच्या काठावर आहे, म्हणजे शहरातली जुनी रिव्हरसाइड प्रॉपर्टी. खाम जटवाड्याकडच्या डोंगरातून येते आणि शहरातून जाताना आम्ही तिच्यात आपापल्या परीनं भर घालतो. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून तिचे काठ खरोखर साफ केले, झाडं लावली. पुलावरून पिशवी भिरकावणाऱ्यांना त्यामुळे नेम धरायला मोकळी जागा मिळाली.

प्राण्यांचीही आपल्याकडे वाण नाही. सिद्धार्थ उद्यानातले वाघ मिटमिट्याच्या सफारी पार्कमध्ये हलवायचे आहेत, आणि वाघ वाट बघतायत. दरम्यान त्यांना बछडे होतात आणि बारशाला मंत्री येतात. सप्टेंबर २०२३ च्या बारशात नावाची चिठ्ठी काढली तर विरोधी पक्षाच्या तरुण नेत्याचं नाव निघालं. मग दुसरी चिठ्ठी काढली. मसाई मारात सिंहांना नावं असतात म्हणून डॉक्टर भारावले होते, पण तिथं नावाला मित्रपक्षाची संमती लागत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव महापालिकेपुढे ठेवतो. मकाई गेट ते पाणचक्की पट्ट्यात ‘मलिक अंबर रिव्हर लॉज’ उभारावा. पाहुण्याला तंबू. अंघोळीला एक बादली, वेळ आदल्या दिवशी सांगायची, पाणी लाइनमनच्या मर्जीनं. वीज गेली तर ती सेवा समजावी. डास स्थानिक आणि मुबलक. रात्री तंबूपर्यंत सोबतीला काठीवाला गडी, कारण कुत्र्यांच्या टोळ्या पाणघोड्यासारख्या शाकाहारी नाहीत. संध्याकाळी पुलावर खुर्च्या टाकून सूर्यास्त आणि वाहतूक कोंडी. पहाटे अडीचला दार वाजवून ‘द ग्रेट वॉटर क्रॉसिंग’ बघायला नेण्यात येईल. ज्यांना प्रत्यक्ष भाग घ्यायचाय त्यांना ड्रम भाड्यानं मिळेल. दर डॉलरमध्ये, नाहीतर आपली माणसं यायची नाहीत.

प्रस्ताव ऐकून डॉक्टरांनी दोन तंबू आगाऊ मागितले. मेव्हणे पुण्याहून येतायत, त्यांना काहीतरी वेगळं दाखवायचंय. मी आरक्षणाचे नियम वाचून दाखवले: पैसे परत मिळणार नाहीत, बिबट्याची हमी नाही आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी एकही तंबू मिळणार नाही, कारण त्या दिवशी नगरसेवकांचे सगळे नातेवाईक धुणं घेऊन उतरलेले असतील.