अठरा वसाहती, एकही मोर्चा नाही

डोंबिवलीत प्रवाळ दोनच ठिकाणी सापडतं. मंगळ कडक असलेल्यांच्या अनामिकेत आणि पित्त झालेल्यांच्या औषधाच्या डबीत. उपाशीपोटी दोन कटिंग मारून ७:५२ च्या दारात लटकणाऱ्यांना वैद्य प्रवाळ पंचामृताच्या गोळ्या देतातच. समुद्रातल्या जिवंत प्रवाळाशी मात्र आपला काडीचा संबंध नाही, अशी आपली समजूत. सरकारी कागद चाळले की कळतं, त्याची वट आपल्यापेक्षा मोठी आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत, प्रवाळ 2001 पासून बसलेलं आहे. त्यामुळे मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या 18 वसाहती निघाल्या, तेव्हा त्यांना हात लावण्याआधी वन खात्याची रीतसर परवानगी काढावी लागली. 2020 च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या अलगद उचलल्या आणि दुसऱ्या खडकांवर नेऊन बसवल्या. सगळ्या मिळून चौरस मीटरभरही जागा नव्हती. त्या नव्या जागी रुळल्या, असंही सांगण्यात आलं.

हे मी आमच्या ओळखीच्या एका काकांना सांगितलं. काका पूर्वेला एका तीनमजली इमारतीत भाडेकरू आहेत. दर मे महिन्यात त्यांच्या जिन्यात 'अतिधोकादायक' अशी नोटीस डकवली जाते. गेल्या वर्षीची अजून निघालेली नसते, तिच्यावरच नवी.

"पावत्या मागितल्या का त्यांच्याकडे?" काकांनी विचारलं.

"नाही."

"जुनं वीजबिल? मालकाची सही?"

"नाही हो."

"मग बिल्डर कोण होता?" काका उठून बसले. "नंबर आहे का त्याचा?"

काकांना हसू नये. 2015 च्या जुलै-ऑगस्टात आठवडाभरात आधी ठाकुर्लीत आणि मग ठाण्यात नौपाड्यात इमारत बसली, माणसं गेली. तेव्हापासून याद्या वेळेवर निघतात, एवढं मान्य करायला हवं. पण वाटेत आलेलं काहीही उचलून दुसरीकडे ठेवलं की त्याचं रक्षण झालं, हा जो सरकारी विश्वास आहे, तो मूळचा आपल्याकडचा. पुनर्रोपण म्हणजे काय, हे मेट्रोच्या वाटेतल्या झाडांमुळे ठाणेकरांना पाठ आहे. प्रवाळाने फक्त त्याला ओल्या खडकाची जोड दिली.

जिथे प्रवाळ हलवावं लागत नाही, तिथे काय करतात? तिथे ते जाहीर करतात. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र धरून एकूण 29 चौरस किलोमीटर. मासेमारीवर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती. जाळं टाकणाऱ्याला नियम दाखवणं नेहमीच सोपं. मात्र दिव्याहून सावंतवाडी गाडीत बसून कुडाळला उतरणाऱ्या आमच्या डोंबिवलीकराला कोण नियम दाखवणार? तो तर पर्यटन.

त्याचं चित्र असं. अंगात केशरी लाइफ जॅकेट, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. शेजारचा पोरगा पावाचे तुकडे टाकतो, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे गोळा होतात, कॅमेरावाला खालून अंगठा दाखवतो. इतक्यात नळीत पाणी शिरतं. गडी घाबरतो, पाय टेकायला काहीतरी शोधतो आणि टणक काहीतरी मिळतं. दगड समजून तो ज्यावर उभा राहतो, ते वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढलेलं असतं. फोटो मात्र झकास येतो, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर खाली मजकूर असतो: निसर्गाच्या कुशीत.

ठाणे खाडीतली तिवरं आणि फ्लेमिंगो सांभाळणाऱ्या कांदळवन कक्षाकडेच किनाऱ्यावरच्या प्रवाळाचंही काम आहे. फ्लेमिंगोंचं बरं असतं. ते गुलाबी दिसतात, उडताना व्हिडिओत मावतात, आणि 2022 मध्ये खाडीला रामसरचा दर्जाही मिळाला. प्रवाळाचं उलटं. समुद्र तापला की ते पांढरं पडतं, आणि पांढऱ्या दगडाचा फोटो कोण काढणार? 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा असं पांढरं पडणं सुरू असल्याचं जाहीर केलं. लक्षद्वीपचं प्रवाळही त्याच उन्हाळ्यात फटफटीत झालं. रंगाच्या बाबतीत डोंबिवली वेगळीच म्हणा. आमचा एमआयडीसीतला रस्ता 2020 च्या फेब्रुवारीत आपोआप गुलाबी झाला होता आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले होते.

राहिली अंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पाण्याखालचं पठार विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर आत आहे. त्यावर प्रवाळ भरघोस आहे, हे 2019 च्या डिसेंबरातल्या मोहिमेत शास्त्रज्ञ पाहून आले. पुढच्याच वर्षी राज्याने त्याच्या संरक्षणाच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अडचण एवढीच की राज्याची हद्द 12 सागरी मैलांवर संपते. त्यापुढचं पाणी दिल्लीचं, त्यामुळे निर्णयही दिल्लीचा.

तोवर अंग्रियाचं रक्षण ते 105 किलोमीटरच करतायत. पाव घेऊन तिथवर कुणी पोहोचत नाही, आणि कोस्टल रोड तिकडे वाढवावा असं अजून कुणाला सुचलेलं नाही.