खिडकीचे चारशे

मुलगा न्यू जर्सीत, आम्ही दोघं मिरजेत आणि व्हिसा मुंबईत. एक दिवस बोटांचे ठसे द्यायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. म्हणजे मध्ये एक रात्र उरते. त्या एका रात्रीने आमच्या घरात तीन आठवडे जेवढा धुमाकूळ घातला, तेवढा मुलाच्या लग्नानेही घातला नव्हता.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मुंबई म्हणजे गिरगावातली आत्या. दोन खोल्यांत नऊ माणसं राहायची आणि दहावा आला की गॅलरीत एक वळकटी वाढायची. पुढे आत्या गेली, चाळीचा टॉवर झाला आणि आतेभाऊ विरारला गेला. तो आजही मनापासून म्हणतो, "हॉटेल कशाला? घर आहे की!" पण विरारहून सकाळी बीकेसीला वेळेवर पोचायचं, तर त्यापेक्षा मिरजेहून निघालेलं बरं.

लॉजवर उतरण्यात कमीपणा नाही, असं मी बायकोला समजावलं. "लोकमान्य मुंबईला आले की कुठे उतरायचे? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात."

"आणि १९२० साली तिथेच गेले," ती म्हणाली.

इतिहासाच्या शिक्षिकेशी लग्न केल्याचे तोटे निवृत्तीनंतरही चालू राहतात.

मुलाचा सल्ला सरळ होता. "बाबा, बीकेसीतच उतरा. चालत जाता येईल." मी दर पाहिला. खोली बारा हजार. साडेसात हजारांवरच्या खोलीला जीएसटी अठरा टक्के, म्हणजे वर २,१६० रुपये. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत, आकडा दिसला की तो कशाच्या बरोबरीचा आहे ते आपोआप डोक्यात येतं. ज्या लॉजवर माझी नजर होती तिथे खोली १,८०० आणि कर पाच टक्के, म्हणजे ९० रुपये. एकूण १,८९०. बीकेसीतल्या नुसत्या कराच्या पैशात आम्ही दोघं रात्रभर झोपून, सकाळी पोहे-चहा घेऊन सुटे पैसे परत आणले असते. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, पैसे मी देतो ना." या पिढीला हिशेब कळत नाही. पैसे कोण देतो हा मुद्दाच नव्हता.

मग आमच्या कट्ट्यावरचे जाणकार पुढे सरसावले. एकाने आमदारांचं पत्र आणतो म्हणून सांगितलं. आमदार निवासात खोली मिळाली की काम फत्ते, वर मंत्रालय जवळ. मंत्रालयात आमचं काहीच काम नव्हतं, तरी ते जवळ असल्याचं ऐकून बरं वाटलं. पण मार्च महिना, अधिवेशन चालू. आमदार निवासात त्या काळात खुद्द आमदाराला कार्यकर्त्यांच्या पायांमधून वाट काढत पलंग गाठावा लागतो, असं कळलं. दुसऱ्याने रेल्वेच्या रिटायरिंग रूमची आठवण करून दिली. कन्फर्म तिकिटाचा पीएनआर घालून ती ऑनलाइन काढता येते, दरही माफक. मी रोज सकाळी अंघोळ करून, देवाला हात जोडून ते पान उघडत होतो. रोज खोल्या भरलेल्या. त्या खोल्यांत कोण राहतं हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा तेच लोक, ज्यांना दिवाळीत तत्काळ तिकीट मिळतं.

तिसरा पर्याय सुनेने सुचवला. मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे. खणासारख्या कप्प्यांत झोपायचं, आत दिवा, एसी, मोबाइल चार्जिंग, सगळं. मी फोटो दाखवला. बायकोने चष्मा लावून नीट पाहिला.

"लॉकर आहेत हे," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांचं सोनं ठेवलंत, आता मला ठेवा."

उरलं मोबाइलवरचं बुकिंग. या ॲपवरचे फोटो म्हणजे स्वतंत्र कला आहे. फोटोग्राफर खोलीच्या कोपऱ्यात पाठ चिकटवून, श्वास रोखून उभा राहत असावा. त्यामुळे दहा बाय आठच्या खोलीत लग्नाची पंगत बसेल असं वाटतं. वर लाल अक्षरांत 'फक्त १ खोली शिल्लक'. ती एक खोली तीन आठवडे शिल्लकच होती. लोकांचे अभिप्राय मी कर्जाच्या प्रकरणांसारखे तपासले. पाच तारे देणारा मालकाचा मेव्हणा आणि एक तारा देणारा भांडून निघालेला, असं धरून दोघांना बाजूला काढलं. तीन तारे देणारा माणूस खरा. तो लिहितो, 'खोली ठीक. गीझर सकाळी सहा ते नऊ. ढेकूण दिसला नाही.' हा शेवटचा शब्दप्रयोग मला फार जबाबदार वाटला. ढेकूण नाही असं त्याने म्हटलेलं नाही, दिसला नाही इतकंच. मी त्याच लॉजची खोली धरली. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलं होतं. कोणत्या स्टेशनपासून, हे लिहिलं नव्हतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सात-साडेसातच्या सुमारास सीएसएमटीला आणून सोडते. लॉजचं चेक-इन दुपारी बाराला. मुंबईची हॉटेलं आणि मुंबईच्या गाड्या यांची आपसात कधी गाठ पडलेली नसावी. उभा महाराष्ट्र पहाटे नाहीतर सकाळी या शहरात उतरतो आणि उभ्या महाराष्ट्राला हॉटेलं सांगतात, बारा वाजता या. मधल्या साडेचार तासांत माणसाने काय करावं? मी म्हटलं, सामान क्लोकरूमला ठेवू आणि जरा फिरून येऊ. क्लोकरूमच्या खिडकीवरच्या माणसाने आमची सुटकेस घेतली आणि कापडी पिशवी परत सरकवली.

"कुलूप नाही."

"भडंग आहे त्यात."

"असू दे. कुलूपबंद सामानच घेतो."

पिशवीला कुलूप कुठून लावणार? नियम नियम असतो, मी स्वतः लोकांना असे कैक नियम दाखवले आहेत. पण भडंगाला हवा लागली की ते मऊ पडतं, तेव्हा चोराने नेमकं काय न्यावं अशी रेल्वेची कल्पना होती? बाहेर कुलूपवाला होता. त्याने साठ रुपयांचं कुलूप दिलं आणि पिशवीचे दोन बंद एकत्र करून त्यांतून ओवून दाखवलं. वरून बंद, बाजूंनी सताड उघडी. ती पिशवी क्लोकरूमने विनातक्रार घेतली.

बाराला लॉज गाठला. फोर्टच्या बाजूला एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन जिने. काउंटरवरचा मुलगा आधी हिंदीत बोलला. मग माझं हिंदी ऐकून दया आली असावी, त्याने मराठी सुरू केलं.

"काका, ऑनलाइनचा रेट नॉन-एसीचा आहे."

"त्यात एसी लिहिलंय."

"लिहिलंय. पण रिमोटचे वेगळे."

रिमोटचे वेगळे! बँकेत मी असं म्हणालो असतो की खातं तुमचं, पण पासबुक बघायचे वेगळे, तर लोकांनी बँक पेटवली असती. मी ॲप उघडून दाखवलं, त्याने मॅनेजरला फोन लावला, मॅनेजर बराच वेळ बोलला आणि रिमोट मिळाला. मग आधार कार्डं. माझं पाहून त्याने ठेवलं. बायकोचं पाहून तो थबकला.

"काकूंचं आधार ठाण्याचं आहे. लोकल आयडी चालत नाही."

तिची आई आजारी असताना ती दीड वर्ष ठाण्याला भावाकडे होती, तेव्हा काढलेलं कार्ड. पत्ता बदलायचा राहिलाच. मला लोकल आयडीची भानगड कळेना. मुलगा नजर टाळत म्हणाला, "म्हणजे... ठाण्यात घर असलेली लेडीज इथे लॉजवर कशाला येईल, असं मॅनेजर विचारतात."

एकसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, हातात भडंगाची कुलूपबंद पिशवी धरलेली ती लेडीज क्षणभर गप्प राहिली. तिने आठवी ब हाताळलेली आहे. ती शांतपणे बाकावर बसली, अमेरिकेसाठी तयार केलेली फाइल काढली आणि एकेक कागद काउंटरवर ठेवत गेली. पासपोर्ट, त्यात शेवटच्या पानावर पतीचं नाव. विवाह नोंदणीचा दाखला. माझी पेन्शनची ऑर्डर. सातबारा. मुलाच्या लग्नातला कुटुंबाचा फोटो.

"यात तिसरी मी," ती म्हणाली. "हिरवा शालू."

मुलाने रजिस्टर पुढे केलं. कुठून आलात, कशासाठी, किती दिवस, पुढे कुठे जाणार, परत कधी? भरता भरता माझ्या लक्षात आलं, उद्याची मुलाखत हीच. फक्त इथे गोरा साहेब नव्हता.

खोली लहान होती, पण चादर स्वच्छ होती आणि मला समाधान वाटलं. डबल बेड म्हणजे दोन खाटा शेजारी ठेवून वर एकच चादर. मधली फट फक्त पाठीला कळते. भिंतीवर चौदा बटणं. तेरावं दाबलं की पंखा लागे आणि बाकीची मागच्या भाडेकरूच्या आठवणीखातर ठेवलेली. टॉवेलवर नाव भलत्याच हॉटेलचं. समोर मात्र छान जाड, मरून रंगाचा पडदा. बायको हवा यावी म्हणून पडदा सारायला गेली.

मागे भिंत. नुसती भिंत नव्हे, रंग दिलेली, नीट घोटलेली भिंत. पडद्याला दांडा होता, रिंगा होत्या, बाजूला बांधायला गोंडासुद्धा होता. फक्त खिडकी नव्हती.

मी खाली गेलो. मुलगा म्हणाला, "विंडोवाली रूम चारशे जास्त."

"मग पडदा कशाला लावलाय?"

"गेस्टला बरं वाटतं."

मी चारशे देणार नव्हतो. झोपायला खिडकी लागते कुठे? डोळे मिटले की सगळ्या खोल्या सारख्या. हे मी वर येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त पडदा पुन्हा ओढून घेतला आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. मी पाच मिनिटांत परत खाली गेलो.

चारशे रुपयांची खिडकी दोन मजले वर होती. ती उघडताना गंजलेला गज हातात आला, तो मी परत जागेवर बसवला. बाहेर, म्हणजे हाताच्या अंतरावर, शेजारच्या इमारतीची भिंत. मध्ये पाइपांचं जंगल, खाली कुठल्याशा उपाहारगृहाचा पंखा फोडणीची हवा वर सोडतोय आणि पाइपाच्या कोपरावर दोन कबुतरं. समोरच्या खिडकीत एक गृहस्थ बनियनवर दाढी करत होते. त्यांनी फेसासकट मान हलवून नमस्कार केला. बायकोनेही केला.

"मार्क ट्वेन १८९६ साली इथे जवळच, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता," ती खुशीत म्हणाली. "गॅलरीच्या कठड्यावर कावळे बसून त्याच्याकडे बघत गप्पा मारायचे, असं त्याने लिहिलंय."

आमची कबुतरं बोलत नव्हती, पण पाहत होती. चारशे रुपयांत मार्क ट्वेन, स्वस्तच म्हणायचं. ठसे देऊन संध्याकाळी परत आलो, तर समोरचे गृहस्थ इस्त्री करत होते. रात्री त्यांनी क्रिकेट लावलं आणि आवाज आमच्यापुरता वाढवला. बायकोने खिडकीतून हात लांबवून त्यांना कागदात भडंग दिलं. मुंबईत शेजार मिळत नाही म्हणतात, ते रस्त्याकडे तोंड करून राहणाऱ्यांचं असणार.

सकाळी मेट्रोने गेलो. सीएसएमटीहून बीकेसी, जमिनीखालून, एसीत, एका दमात. बीकेसीत राहण्याचा उरलासुरला मुद्दाही तिथे निकालात निघाला. मेट्रोला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या आहेत आणि बाहेर संपूर्ण अंधार. "इथे पडदा हवा होता," बायको म्हणाली. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून ते दोन्ही आम्ही लॉजच्या मुलाकडे ठेवले होते. काल ज्याने आमच्या लग्नावर संशय घेतला, त्याच्या हाती आज आमचा सगळा संसार होता.

हिशेबही मनात तोवर झाला होता. खोली १,८००, खिडकी ४००, त्यावर पाच टक्के, कुलूप ६०, क्लोकरूम, दोन वेळचं जेवण आणि पाइपापलीकडे गेलेलं भडंग. बीकेसीच्या नुसत्या कराच्या मी थोडा वर गेलो होतो. हे मुलाला कळवायचं काही कारण नव्हतं.

मुलाखत दोन मिनिटांची. लॉजच्या काउंटरपेक्षा बरीच सोपी. काचेमागे साहेब, त्याच्या बाजूला मराठी बोलणारी दुभाषी बाई. कशासाठी जाताय? किती दिवस? परत कधी? सगळं आमचं तोंडपाठ. फाइल उघडायचीही वेळ आली नाही, याचं बायकोला जरा वाईटच वाटलं. मग साहेबाने तिला विचारलं, तिथे कुठे राहणार?

"मुलाकडे," ती म्हणाली. दुभाषीने सांगितलं. साहेब टाइप करू लागला.

"त्याच्या घराला सहा खिडक्या आहेत," ती पुढे म्हणाली. "व्हिडिओ कॉलवर मी मोजल्यात. खऱ्या आहेत."

दुभाषी बाई एक क्षण थांबली. साहेबाने वर पाहिलं. तिने तेही सांगून टाकलं.