शेवटचं वाक्य

रस्त्यावरच्या भांडणाला आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. आधी हॉर्न, मग घासलेला आरसा, मग "दिसत नाही का?" त्यावर "तुम्हाला दिसत होतं ना?" इथवर दोघंही अहो-जाहोच्या हद्दीत असतात. मग कुणाच्या तरी तोंडून 'तू' निसटतो आणि आरसा बाजूला पडतो. "ए, अरे-तुरे करायचं काम नाही!" पाठोपाठ रस्ता कुणाच्या बापाचा, याची चौकशी होते. मागे बस खोळंबते. शेवटी "तू मला ओळखत नाहीस" हे वाक्य येतं. ते अगदी खरं असतं. ओळख असती तर दोघं एव्हाना चहाच्या टपरीवर उभे असते.

या नाटकात सगळ्यात शूर कोण, तर ज्याला दोघांनी धरून ठेवलंय तो. "सोडा मला! सोडा म्हणतो ना!" एखाद्या भोळ्या माणसानं त्याचं म्हणणं मनावर घेऊन खरंच सोडलं, की त्याची जी पंचाईत होते ती बघण्यासारखी असते. तो एक पाऊल पुढे टाकतो, थबकतो आणि नवा धरणारा मिळतोय का म्हणून हळूच मागे बघतो.

हे सगळं गमतीचं वाटतं, कारण बहुतेक वेळा ते तिथेच संपतं. एखाद्या दिवशी समोरच्याच्या डिकीत स्टंप असतो किंवा खिशात चाकू, आणि मग गंमत उरत नाही.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी स्वसंरक्षणाचा वर्ग भरतो. भाचीला सोडायला जातो आणि बाकावर बसून बघत राहतो. नव्यानं येणारी पोरं डोक्यात सिनेमा घेऊन येतात. चाकूवाल्याचा हात हवेतच पकडायचा, पिरगाळायचा, वगैरे. सर त्यांचा पहिल्याच दिवशी हिरमोड करतात. "चाकू दिसला तर काय करायचं?" पोरं मनगट, कोपर, गुडघा अशी उत्तरं देतात. सर म्हणतात, "पळायचं. पाकीट मागितलं तर पाकीट एकीकडे फेकायचं आणि आपण दुसरीकडे पळायचं."

यामागे हिशेब आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात दाखवून दिलं, की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट, म्हणजे साधारण ६.४ मीटर अंतर दीडएक सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला सराईत पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपली भांडणं तर नाकाला नाक लावून चालतात.

म्हणून सर उभं राहायला शिकवतात. एक पाय मागे, दोन्ही हात छातीसमोर, तळवे उघडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा बिचारा "जाऊ दे ना भाऊ" म्हणतोय. प्रत्यक्षात समोरच्याची मूठ आणि आपलं नाक यांच्यामध्ये दोन हात आधीच येऊन उभे असतात. या पवित्र्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड आठवावा. वाघनखं सगळ्यांना पाठ असतात. पण शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप घालून गेले होते, सोबत जिवा महाला होता, आणि अफजलखानाला जावळीच्या डोंगरात, आपल्या सोयीच्या जागी, यायला लावलं होतं. नखांची पाळी सगळ्यात शेवटी आली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलींचा गट असतो. तिथला धडा नेमका उलटा. पुरुषांना सर "आवाज खाली" म्हणून दटावतात आणि मुलींना "आवाज वर" म्हणून. कोपर मारायला मुली पटकन शिकतात. हाताची पकड सोडवणंही त्यांना लवकर जमतं. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे फट असते. कोपर आत घेऊन मनगट त्या फटीकडे फिरवलं, की मोठ्या माणसाचाही हात सुटतो. अडतं ते ओरडण्यापाशी. हळू बोल, हळू हस, चारचौघांत तमाशा नको, हे लहानपणापासून इतकं मुरलेलं असतं, की सरांनी "ओरडा!" म्हटल्यावर पहिल्यांदा नुसतं खुसूखुसू हसू येतं. मग "अहो, जरा सरकता का?" आणि बऱ्याच दिवसांनी कधीतरी हॉलच्या खिडक्या हादरवणारं "ए निळा शर्ट! हात काढ!" शर्टाचा रंग मुद्दाम. त्यामुळे गर्दीला कळतं कुणाकडे बघायचं. मदतसुद्धा सगळ्या जगाकडे मागायची नाही, कारण जग मोबाइलवर शूटिंग करत असतं. एकाला गाठायचं: "चष्मेवाले काका, तुम्ही एकशे बारा लावा." काकांना मग पळवाट राहत नाही.

कायद्याचंही मत सरांसारखंच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क पक्का आहे, पण बचावाला लागेल तेवढाच. पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्क मिळत नाही, आणि पळून गेलेल्याला पुढच्या चौकात गाठून हाणलं तर तो बचाव नव्हे. पहिला हात कुणी उचलला, हे हल्ली कोपऱ्यावरचा सीसीटीव्ही सांगतो.

एवढं ऐकूनही आम्हा पुरुषांना एक गोष्ट काही जमत नाही. मार चुकवता येतो, अपमानही एखादवेळ गिळता येतो, पण समोरच्याचं वाक्य शेवटचं ठरलं हे सहन होत नाही. सिग्नल हिरवा झालेला असतो, तो निघालेला असतो, तरी आपण काच खाली करून मागून एक शालजोडीतला हाणतो आणि तो गाडी वळवून परत येतो. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. ठोसा चुकवण्यापेक्षा टोमणा गिळणं अवघड, आणि त्याचा पट्टा कुठल्याच रंगात मिळत नाही.

तेव्हा शेवटचं वाक्य त्याला देऊन टाकावं. "चुकलं हो, निघतो," म्हणावं आणि निघावं. त्याला द्यायचं चपखल उत्तर आपल्याला पुढच्या चौकात सुचणारच आहे. ते जपून घरी न्यावं आणि जेवताना "मग मी त्याला असा सुनावला" म्हणून खुशाल सांगावं. घरी कुणी सीसीटीव्ही मागत नाही.