भांडले ते उरले

आमच्या पूर्वजांकडे एक तलवार होती. ती पानिपतावर गेली, परत आली आणि पुढे कुठल्याशा दुष्काळात विकली गेली, असं घरात सांगतात. मी ज्या ज्या घरी चहा प्यायलो, त्या त्या घरात अशी एक तलवार होती आणि ती दर वेळी दुष्काळातच विकली गेली होती. विकत घेणारं घराणं मात्र मला अजून भेटायचं आहे.

हल्ली अशा तलवारीचा माग घरबसल्या काढता येतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे. कँपबेल साहेबाने संपादलेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअरं आहेत. त्यांत तालुक्यातलं भाताचं पीक सापडतं, ते कापणारा सापडत नाही. कुणी कुणी आपापले छापील कुलवृत्तान्त स्कॅन करून इंटरनेटवर चढवले आहेत. आणि महसूल खात्याचं ‘आपले अभिलेख’ आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, सातबारा हवा की फेरफार ते सांगायचं, गट नंबर टाकायचा. मग ते पान ‘कार्ट’मध्ये घालायचं. ज्या जमिनीपायी आमच्या तीन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती मी एका बोटाने कार्टात घातली आणि वर चहाचा घोटही घेतला.

इंग्लंडमधल्या हौशी लोकांचं काम सोपं आहे. तिथली १९२१ची शिरगणती शंभर वर्षं कुलपात ठेवून २०२२च्या जानेवारीत लोकांना खुली केली. पणजोबा कुठल्या घरात राहत होते, कुणाकडे कामाला होते, सगळं घरटी लिहिलेलं. आपल्याकडेही १८८१पासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. पण आपण डोकी मोजली, बेरीज ठेवली आणि घरोघरचे कागद काही जपले नाहीत. १८८१ साली जिल्ह्यात माणसं किती होती ते कळतं. त्यांत आमचा कोण, ते नाही.

म्हणून मराठी माणसाला पूर्वज शोधायचा तर जमिनीतच शोधावा लागतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. तेव्हापासून जमिनीच्या हक्कात जो जो बदल झाला तो तो फेरफाराच्या वहीत उतरला. आणि बदल होतो कधी? माणूस मेला, कर्ज काढलं, वाटणी झाली, विकलं, भांडण झालं की. बाकी काळ माणूस सुखाने जगत असतो, आणि सुखाची नोंद घ्यायला तलाठी येत नाही.

आमच्या एका खापरपणजोबांनी शेजाऱ्याशी बांधावरून उभा जन्म वाद घातला. त्यांचे कागद इतके सापडले की आता मला त्यांचा स्वभाव, त्यांची सही आणि त्यांच्या शेजाऱ्याचा स्वभावसुद्धा ठाऊक आहे. त्यांचे धाकटे बंधू अतिशय सज्जन होते म्हणतात. त्यांच्या नावाची एक ओळ आहे आणि त्या ओळीला कंस आहे. सातबाऱ्यावर माणसाचा हक्क संपला की नावाला कंस करतात. खात्याच्या बोलीत ‘नावाला कंस झाला’. वैकुंठवास, देवाज्ञा, कैलासवास यांपेक्षा मला हा शब्दप्रयोग प्रामाणिक वाटतो. सज्जन आले, कंसात गेले. ज्यांना आपलं नाव मागे राहावं असं वाटतं, त्यांनी बांधाकडे दुर्लक्ष करू नये.

या वह्यांची भाषाही मोठी काटकसरी. कुणी ‘ए.कु.मॅ.’ असतो, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आमच्याकडे या पदावरून दोन भावांत पंचवीस वर्षं अबोला होता. कुणी ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान, आणि त्याचा कुणी पालनकर्ता. शिवाय बोजा आहेच. तगाईचा बोजा, सोसायटीचा बोजा. पानिपतावर गेलेल्या तलवारीबद्दल वहीत चकार शब्द नाही, पण विहिरीसाठी काढलेली तगाई पै-पैशासह आहे. त्यातच मधे एकत्रीकरण योजना आली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर झाले. म्हणजे आजोबांची जमीन आजोबांच्या पत्त्यावर राहिली नाही.

त्याहून मागे जायचं तर मोडी. मोडीत आधी वरची रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत मोकळी जागा नाही. स्कॅन केलेलं पान पडद्यावर चारपट मोठं करता येतं, पण न वाचता येणारं अक्षर मोठं केल्याने वाचता येत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यांतली दप्तरं उघडली, स्कॅन झाली, आणि कालपर्यंत ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं त्या मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला. याचा मला व्यक्तिशः आनंद झाला. एवढ्या उशिरा का होईना, एका लिपीला लोकांनी खुर्ची दिली.

जन्मतारखांचं विचाराल तर शाळेच्या जनरल रजिस्टरावर माझा विश्वास नाही. त्या रजिस्टरानुसार आमच्या घराण्यातले बहुतेक पुरुष १ जूनला जन्मले. शाळा जूनमध्ये उघडायची, मुलाला हाताला धरून आणलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची, गुरुजी वय बसेल असं साल धरायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. खरी तारीख गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये असायची. पण तिथे बहुधा बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच. बारशाआधीच नोंद होऊन गेलेली. त्यामुळे एकीकडे नाव आहे पण तारीख खोटी, दुसरीकडे तारीख खरी पण नाव नाही.

मुलींची तर सगळीच पंचाईत. कुलवृत्तान्तात सहा मुलग्यांची नावं, शिक्षण, नोकरी, बदली, प्रसंगी मधुमेहसुद्धा. आणि शेवटी ‘कन्या : चार’. त्या चौघींचं पुढे काय झालं ते दुसऱ्या कुणाच्या तरी कुलवृत्तान्तात असेल, पण तिथे शोधणार कसं? माहेरची ठकी सासरी सरस्वती झालेली.

त्या मला सापडल्या त्या फेरफारातच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापामागे मुलींचीही नावं वारसांत लागू लागली. कित्येक गावांत ती भावांच्या ओळीत न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली, पण लागली. पुढे काही वर्षांनी भावांनी बहिणींना गाडीभाडं देऊन बोलावलं, जेवायला पुरणपोळी केली आणि हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले. त्या एका पानावर माझ्या आजोबांच्या चारही बहिणी पहिल्या आणि शेवटच्या वेळी अशा तपशिलासह एकत्र आहेत : नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, वय. हक्क सोडला नसता तर त्यांचा एवढा पत्ताही उरला नसता. हे वाचल्यावर मी त्या पुरणपोळीचा हिशेब कुठे मिळतो का ते बराच वेळ शोधत होतो. मिळाला नाही.

मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या बायका या बाबतीत उजव्या. तिथल्या नोंदवह्यांत बाईला तिचा स्वतःचा नंबर होता. वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, सगळं तिच्या नावापुढे. रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेल्या बाईच्या पणतीला आपल्या पणजीच्या गालावरचा तीळ कळू शकतो. ती वेठीची नोंद होती, मायेची नव्हे, हे खरंच. पण घरच्यांनी मायेने काय लिहून ठेवलं, तेही आपण पाहिलं.

तेव्हा ज्यांना हा नाद लागला असेल त्यांना एक विनंती. वहीची पानं कुठे जात नाहीत. ती उद्याही तिथेच असतील. घरात ऐंशी ओलांडलेली आत्या असेल तर आधी तिला फोन लावा आणि तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा, आजीचं विचारा, आजीच्या बहिणींची विचारा, आणि लगेच लिहून घ्या. फोन चारनंतर करा, दुपारी ती झोपते. तलवारीचा विषय मात्र काढू नका, नाहीतर बाकी काही विचारायला वेळ उरणार नाही.