वापर हाच दोष

वापराने यंत्र झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. वापराने ग्राहकाचा हक्कही झिजतो, हा सिद्धांत मांडण्याचे श्रेय मात्र घरगुती व्यायामसाहित्याच्या किरकोळ व्यापाराला द्यावे लागते. यवतमाळच्या बाजारपेठेपासून पुसद, वणी, दिग्रस, उमरखेडपर्यंत, जेथे कॅरमची पावडर, स्नेहसंमेलनांचे चषक, टेनिस बॉलच्या बॅटी आणि ट्रेडमिल ही सारी मंडळी एकाच शटरआड नांदतात, त्या दुकानांत हा सिद्धांत लेखी स्वरूपात कोठेही लावलेला नसतो. तो तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकालाच तोंडी सांगितला जातो, आणि तोही प्रश्नाच्या रूपात : ‘‘भाऊ, तुम्ही रोज वापरता काय?’’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा अतिवापराचा दोषी ठरतो. ‘नाही’ म्हणणारा अधिकच अडकतो, कारण यंत्र पडून राहिले की मोटर जाम होते, हे दुकानदाराला नेमके त्याच क्षणी आठवते.

ट्रेडमिल म्हणजे मोटरच्या जोरावर फिरणारा पट्टा, ज्यावर माणूस चालत राहतो आणि कोठेही पोहोचत नाही. या यंत्राच्या पूर्वजाने तुरुंगात नाव काढले. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे मोठे चक्र योजले. सक्तमजुरीची शिक्षा झालेले कैदी त्याच्या पायऱ्या तासन् तास चढत राहत, आणि काही तुरुंगांत त्या श्रमावर धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई. ‘चक्की पिसायला पाठवणे’ हा आपल्याकडचा वाक्प्रचार ज्यांना अतिशयोक्त वाटतो त्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा. न्यायाने बोलायचे तर कैद्याला ते चक्र सरकारी खर्चाने मिळे, ते बंद पडल्यास दुरुस्तीची काळजी तुरुंगाधिकाऱ्याला असे, आणि चालण्याची मुदत निकालपत्रात स्पष्ट लिहिलेली असे. या तिन्ही बाबतींत आजचा ग्राहक कैद्याच्या एक पायरी खालीच आहे.

मार्च २०२० मध्ये राज्यातील व्यायामशाळा बंद झाल्या, त्या उघडण्याची परवानगी २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी मिळाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती व अकोला या जिल्ह्यांवर पुन्हा निर्बंध आले. व्यायाम घरातच झाला पाहिजे हे मत त्या काळात पक्के झाले. यवतमाळचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सकाळी साडेसातनंतर रस्त्यावर चालण्यापेक्षा पंख्याखाली चालणे शहाणपणाचे वाटावे, यात नवल नाही. तेव्हा ग्राहकाची गरज खरी आहे, हे आधी मान्य करून पुढे जावे.

खरा चमत्कार सुरू होतो तो यंत्रावरील स्टिकरपासून, कारण तेथे ‘६ एचपी’ असे लिहिलेले असते. एचपी म्हणजे अश्वशक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. हे माप या जिल्ह्याला शिकवण्याची गरज नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो, हे येथील शेतकऱ्याला तोंडपाठ असते, आणि विहिरीवरची मोटर भार घेते आहे की नुसती गुरगुरते आहे, हे तो धुऱ्यावर उभा राहून आवाजावरून सांगतो. पाच एकर पऱ्हाटीला पाणी पाजणाऱ्या पंपाहून अधिक ताकदीची मोटर दिवाणखान्यात सोफ्याशेजारी बसली असून ती तहसील कार्यालयातील एका मध्यमवयीन अव्वल कारकुनाला पाऊण तास ओढू शकत नाही, हे दृश्य पाहून त्याच शेतकऱ्याने स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवावा, अशी व्यापाराची अपेक्षा असते.

या कोड्याचे उत्तर स्टिकरवरच, मोठ्या आकड्याच्या पायाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत ‘पीक’ या शब्दात दडलेले असते. पीक म्हणजे मोटर एखादा क्षण गाठू शकते ती कमाल शक्ती. अखंड चालताना ती जेवढी शक्ती देते तिला ‘कंटिन्युअस’ म्हणतात, आणि हा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली असणे नित्याचे आहे. गणित साधे आहे. सहा अश्वशक्ती म्हणजे ४४७६ वॅट. घरातील १६ अँपिअरचा मोठा सॉकेट २३० व्होल्टवर फार तर ३६८० वॅट देतो. म्हणजे यंत्र स्टिकरला जागले, तर घराची वायरिंग जागेवर राहणार नाही. वऱ्हाडात ‘पीक’ या शब्दाचा अर्थ शेतात उभे असलेले, हाती येईलच याची खात्री नसलेले उत्पन्न असा होतो, आणि त्या अर्थाने स्टिकरवरील मजकूर पूर्णपणे प्रामाणिक आहे, असेही म्हणता येईल.

माल तपासून घेण्याची या जिल्ह्यात परंपराच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कापूस खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिली की कापसात यंत्राची सुई खुपसली जाते, ओलावा आठ टक्क्यांच्या वर निघाला तर भावात कपात होते, बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत फिरते, आणि घरून निघताना कापूस कोरडा होता, हवेत दव होते, असले स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही. हाच विक्रेता पैसे घेऊन ग्राहक म्हणून बाजारात शिरतो तेव्हा मात्र सुई त्याच्या हातात येत नाही. दुकानातील ट्रेडमिल बहुधा बंदच असते, कारण ‘‘इथं मोठा पॉइंट नाही जी, घरी लावला की पाहा’’. तिच्या पडद्यावरील पारदर्शक प्लास्टिक काढायचे नसते, कारण ‘‘माल नवीन दिसला पाहिजे’’. आणि पट्ट्यावर उभे राहून पाहू म्हणणाऱ्याकडे, जिलेबीत बोट घालणाऱ्या पोराकडे पाहावे तसे पाहिले जाते.

खोके घरी पोहोचल्यानंतरच्या काळाला ‘विक्रीपश्चात सेवा’ म्हणतात. या सेवेचे कालमापन स्वतंत्र आहे. ‘उद्या’ हे तिचे मूळ एकक असून त्याचा सूर्योदयाशी संबंध नसतो. ‘आत्ताच निघाला’ याचा अर्थ माणूस अद्याप ठरलेला नाही. आणि ‘कंपनीत टाकलं आहे’ याचा अर्थ तक्रार वहीच्या मागच्या पानावर, एका कॅल्क्युलेटरच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने लिहिलेली आहे. सेवेचा प्रत्यक्ष वाहक म्हणजे ‘पोट्टा’. वऱ्हाडी बोलीत हा शब्द मुलासाठी प्रेमाने वापरला जातो. व्यापारी परिभाषेत मात्र तो तंत्रज्ञ, हमाल, वसुली कारकून आणि क्षमायाचक या चारही पदांचा एकत्रित कार्यभार सांभाळणाऱ्या व्यक्तीचा वाचक आहे. त्याच्याजवळ अवजार एकच असते, षटकोनी टोकाची वाकडी ॲलन चावी. ट्रेडमिलच्या मागच्या बाजूला दोन बोल्ट असतात. उजवा थोडा आवळला की पट्टा डावीकडे सरकतो आणि डावा आवळला की उजवीकडे. पोट्टा उजवा आवळतो, पट्टा डावीकडे जाऊन कडेला घासू लागतो. तो डावा आवळतो, पट्टा उजवीकडे घासतो. असे तीनदा झाल्यावर पट्टा इतका ताणला जातो की तो सरकणेच सोडून देतो आणि मोटर धापा टाकू लागते. वास्तविक पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये वेळोवेळी सिलिकॉन तेलाचे काही थेंब सोडावे लागतात, एवढीच या यंत्राची भूक. परंतु तेलाची बाटली खोक्यातून दुकानातच कोठेतरी निसटलेली असते, आणि पोट्टा स्वयंपाकघरातून ‘‘काकू, खोबरेल आहे काय?’’ असे विचारतो. खोबरेल टाकले की वॉरंटी संपते, ही माहिती पुढच्या भेटीत मिळते.

वॉरंटी म्हणजे ठराविक मुदतीत दोष निघाल्यास तो विनाशुल्क दूर करण्याचे लेखी वचन. तिच्या पत्रिकेचे वाचन संथपणे, शक्यतो उपाशीपोटी करावे. लोखंडी सांगाड्याला आजीवन वॉरंटी असते, आणि सांगाडा हा यंत्राचा एकमेव भाग आहे जो मोडत नाही. मोटरची मुदत काही वर्षांची असते. मात्र मोटरला वीज वाटून देणारे जे सर्किटचे पान विजेच्या चढउताराने सर्वांत आधी जळते, त्याची मुदत थोडी, आणि वर विजेचा चढउतार हे कारण अपवादांच्या यादीत टाकलेले असते. विजेत चढउतार नसलेला ग्रामीण फीडर ज्याला ठाऊक आहे त्याने तो महावितरणला दाखवावा. तेथेही कुतूहल असेल. पट्टा, रोलर, तेल आणि झीज हे सारे वगळलेले असते. उरतो तो सांगाडा. आजीवन म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, ग्राहकाच्या, यंत्राच्या की दुकानाच्या, याचा खुलासा पत्रिकेत नसतो; दुकानाच्या पाट्या ज्या गतीने बदलतात ती पाहता तिसरा अर्थ सर्वांत सोयीचा ठरतो.

या पत्रिकेतील सर्वांत सूक्ष्म कलम वजनाचे आहे. यंत्रावर चढणाऱ्याचे कमाल वजन, समजा १०० किलो, असे लिहिलेले असते आणि त्याहून जड व्यक्तीने वापर केल्यास वॉरंटी रद्द होते. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेला १०८ किलोचा गृहस्थ वजन उतरवण्याचे यंत्र घेतो, त्याच्या वजनाने ते बंद पडते, आणि वजन आधी आठ किलो उतरवून आला असतात तर यंत्र टिकले असते, असे त्याला सांगण्यात येते. औषध फक्त निरोग्याने घ्यावे असा दंडक आयुर्वेदानेही कधी घातलेला नाही.

येथे शेजारच्या जिल्ह्याचे स्मरण अपरिहार्य ठरते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने मल्लखांबासह देशी व्यायामांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड भरतील एवढे हे शास्त्र विस्तृत आहे. त्या परंपरेतील साधने म्हणजे हातात धरून खांद्याभोवती फिरवायचा लाकडी मुद्गल, त्याहून जड करेला, उचलायची दगडी नाल. ती गावचा सुतार किंवा पाथरवट घडवत असे, आणि मुद्गलाची मूठ सैल झाली तर तो पारावर सापडत असे. नाल बंद पडत नाही. मुद्गल जितका फिरवावा तितका हाताला गुळगुळीत होतो, म्हणजे वापराने त्याची किंमत वाढते. आणि बहुधा म्हणूनच त्याचे शोरूम निघाले नाही.

कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूचा आहे, आणि हे वाक्य उपहासाने लिहिलेले नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा तीच प्रथा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, माल पाच लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. उमरखेडच्या ग्राहकाने ऐंशी किलोचे यंत्र टेम्पोत घालून शंभराहून अधिक किलोमीटरवरील यवतमाळला न्यावे, तेथून ते ‘योग्य प्रयोगशाळे’कडे जावे, आणि तेथे ते, दवाखान्यात शिरताच ताप उतरणाऱ्या मुलासारखे, सुरळीत चालावे, ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती की नाही, हे सांगता येत नाही.

त्याआधीची अडचण अधिक घरगुती आहे. तक्रारीला बिल लागते, आणि खरेदीच्या दिवशी ‘‘पक्कं बिल पाहिजे काय? मग जीएसटी लागते बरं,’’ हे ऐकून ग्राहकाने स्वतःच, मोठ्या चातुर्याने, कच्ची चिठ्ठी खिशात घातलेली असते. तिच्यावर ‘ट्रे. मि. १’ आणि एक रक्कम, एवढाच मजकूर. खाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का तेवढा सुवाच्य असतो.

तक्रारी तरीही थोड्याच होतात, आणि या व्यापाराची सारी मदार त्या थोडेपणावर आहे. दुकानदाराचा अनुभव असा की बहुतेक ग्राहक यंत्राच्या आधी थकतात. पहिला पंधरवडा उत्साहाचा, दुसरा पाहुण्यांना दाखवण्याचा, आणि त्यानंतर पट्ट्याखाली काय घासते याची चौकशी घरात कोणी करत नाही. बंद पडलेल्या यंत्राची तक्रार करायची तर ते बंद पडल्याचे आधी कळावे लागते. जो रोज पहाटे उठून खरोखर चालतो, तो या रचनेतील अनपेक्षित घटक होय. त्याच्यासाठी सुटे भाग ठेवणे म्हणजे एका माणसासाठी पंगत मांडणे. म्हणून सेवा वाईट आहे असे म्हणणे काटेकोर ठरणार नाही. ती कोणी मागायला येईल हे हिशेबातच धरलेले नाही.

दीड-दोन वर्षांनी यंत्र विकायला काढले जाते, तेव्हा त्याच दुकानातील ‘एक्स्चेंज’ योजना, म्हणजे जुने देऊन नवे घेण्याची सोय, उपयोगी पडते. दुकानदार यंत्राभोवती एक फेरी मारतो, पट्ट्यावरून बोट फिरवतो आणि गंभीर चेहऱ्याने विचारतो, ‘‘लई वापरली तर नाही ना भाऊ?’’ ग्राहकाने आता हा शास्त्रार्थ पचवलेला असतो. घरात कोणी हातसुद्धा लावला नाही, असे तो अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही असते. ‘‘मग तर मोटर जाम झाली असेल,’’ असे म्हणून दुकानदार सांगितलेली किंमत निम्म्यावर आणतो. संध्याकाळी छोटा हत्ती येऊन यंत्र घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात दर्शनी जागी उभे राहते. पडद्यावरचे प्लास्टिक तसेच असते, त्यामुळे नवे लावण्याचा खर्चही वाचतो.